पावसाळ्यात कुंडीतली कोरफड कुजते. ती कशी वाचवावी?

ओलीसावली (धागाकर्ती) | १४ जून, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. आमच्या ठाण्याच्या घराला दक्षिणेकडे तोंड असलेली एक लांबट बाल्कनी आहे आणि तिच्या ग्रिलमध्ये कोरफडीच्या काही कुंड्या आहेत. हिवाळ्यात ही झाडे पाहत राहावीत अशी असतात. पाने ताठ, जाड आणि किंचित राखाडी झाक असलेली हिरवी दिसतात. पाऊस सुरू झाला, की मात्र महिन्याभरात चित्र पालटते. पाने पातळ होऊन आतल्या बाजूला दुमडतात, बाहेरची पाने आडवी पडतात आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास एखादे झाड बुंध्याशी मऊ होऊन अलगद हातात येते. मग उरलेल्या पिल्लांपासून नव्याने सुरुवात करावी लागते.

कुंड्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि त्यांच्याखाली ताटल्या आहेत. मिश्रणात नर्सरीतली लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत असून तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर आहे. पावसाळ्यात मी स्वतः पाणी जवळजवळ देत नाही. वाऱ्याबरोबर जी झड आत येते, तेवढेच पाणी झाडांना मिळते. इतके कमी पाणी मिळत असताना पाने वाळल्यासारखी पातळ का होतात, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा, की सासूबाईंच्या देवरुखच्या घरी गडग्याला लागून जी कोरफड आहे, ती ठाण्यापेक्षा कितीतरी अधिक पाऊस अंगावर घेऊन आणि कोणीही लक्ष न देता इतकी मजेत कशी राहते?

गच्चीवरचा_माळी | १४ जून, सकाळी ९.४२

पाणी कमी करा. कोरफडीला सहसा दुसरा रोग नसतो.

कुंडलिनी | १४ जून, सकाळी ९.५५

माळीबुवा, त्या पाणी देतच नाहीत असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. याहून कमी करायचे म्हणजे कुंडीकडून पाणी परत मागायचे की काय?

कातळसडा | १४ जून, सकाळी ११.२०

मी संगमेश्वर तालुक्यातलाच असल्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. आमच्याकडे वर्षाकाठी ३००० मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो, हे खरे आहे. पण गडग्याच्या कडेची जागा नीट पाहिली, तर कोरफड तिथे का तगते हे लक्षात येते. गडगा म्हणजे चिरे किंवा दगड माती न लावता एकावर एक रचलेला बांध, त्यामुळे त्याच्या फटींतून पाणी सरळ निघून जाते. पायथ्याशी जी माती असते ती जांभ्याच्या खड्यांनी भरलेली असते. तिच्यात पाणी थांबत नाही आणि पावसाने तासभर उघडीप दिली, की वरचा थर कोरडा दिसू लागतो. शिवाय गडगा बहुधा उताराला आडवा घातलेला असतो आणि कोरफड त्याच्या वरच्या तोंडाला नव्हे, तर खालच्या, उताराच्या बाजूला लावलेली असते.

आमच्याच अंगणात कोरफड कुठे मरते, तेही सांगतो. कौलांच्या पागोळ्या जिथे पडतात, त्या रेघेवर लावलेले एकही झाड श्रावण पाहत नाही. पाऊस तोच आणि मातीही तीच, परंतु पागोळीखाली पाणी सतत एका जागी पडून माती बसते आणि तिच्यातली हवा निघून जाते. त्याच झाडाची पिल्ले वळचणीला, म्हणजे पागोळीच्या हातभर आत लावली, तर ती चांगली वाढतात. एकूण पाऊस किती पडला, यापेक्षा पडलेले पाणी मुळांपाशी किती वेळ थांबले, याला महत्त्व आहे.

मूळव्यासंगी | १४ जून, दुपारी १.०५

कातळसडा यांच्याशी पूर्ण सहमत. धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही मुळांतच आहे.

पान पातळ पडते ते आत साठवलेले पाणी संपत आल्यामुळे. पण पाणी संपण्याची कारणे दोन असू शकतात: एक तर मातीत पाणीच नाही, किंवा मातीत पाणी आहे आणि ते ओढून घेणारी मुळे कुजली आहेत. बाहेरून दोन्ही झाडे सारखीच दिसतात, त्यामुळे पातळ पान पाहून जास्त पाणी घालणारा आणि पाणी तोडणारा असे दोघेही अंदाजावरच चालतात. निर्णय घेण्याआधी झाड कुंडीतून बाहेर काढून मुळे पाहावीत. निरोगी मूळ सुतळीएवढे जाड, पिवळसर आणि कडक असते. कुजलेले मूळ तपकिरी व पोकळ होते; ते चिमटीत धरून ओढले, की वरची साल हातात येते आणि आतली बारीक शीर तेवढी झाडाला लटकत राहते. वासही सांगतो, पण सर्दी झालेल्यांनी सालीवर विश्वास ठेवावा.

आता पाणी कमी असूनही मुळे का कुजतात, ते पाहू. कोकोपीट आणि गांडूळखत हे दोन्ही पाणी धरून ठेवणारे पदार्थ आहेत. प्लॅस्टिकच्या भिंतीतून बाष्प बाहेर जात नाही आणि जून ते ऑगस्टमध्ये ठाण्याची हवाच इतकी दमट असते, की मिश्रणाचा वरचा थरही वाळत नाही. अशा वेळी आठवड्यातून एकदा आलेली झडदेखील कुंडी ओली ठेवायला पुरेशी होते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या राहिल्या, की त्यांना प्राणवायू मिळत नाही, ती मरतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशी व जिवाणू बसतात. कुजणे हा बहुधा दुसरा टप्पा असतो, पहिला गुदमरण्याचा.

टपोरा_थेंब | १४ जून, दुपारी १.३०

प्रतिसाद उत्तम आहे, पण आपला आयडी घाईत वाचणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला विचारला, तर तक्रार करू नये.

झारी | १४ जून, दुपारी ४.१५

मिश्रणाबद्दलचे म्हणणे मान्य आहे. तरीही तळाशी विटांचे तुकडे आहेत म्हटल्यावर पाण्याचा निचरा होत असणारच. आमच्या घरी गेल्या दोन पिढ्या प्रत्येक कुंडीच्या तळाशी चार बोटे विटा घालतात आणि तुळशीपासून अडुळशापर्यंत सर्व काही जगते. त्यामुळे दोष विटांकडे जाऊ नये.

मूळव्यासंगी | १४ जून, रात्री ९.००

झारीताई, हा समज इतका रुजलेला आहे, की त्यावर सविस्तर लिहितो. बारीक कणांच्या मातीखाली मोठ्या तुकड्यांचा थर दिला, तर पाणी सहजपणे त्या थरात उतरत नाही. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते खाली सोडत नाहीत. त्यामुळे कुंडीच्या तळाशी जो कायम ओला राहणारा पट्टा असतो, तो विटांमुळे नाहीसा न होता विटांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ येतो.

पटत नसेल, तर भांडी घासण्याचा नवा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरावा. थेंब गळायचे थांबले, की तो उभा करावा. लगेच आणखी पाणी गळू लागेल. स्पंज तोच आणि त्याची छिद्रेही तीच, पण उंची वाढली, की खालच्या ओल्या पट्ट्याचा वाटा कमी होतो. विटांच्या थराने कुंडीतल्या मातीची उंची कमी होते, म्हणजे आपण उभा स्पंज आडवा करत असतो. त्याच विटा फोडून, हरभऱ्याएवढे तुकडे करून, भुकटी चाळून काढून संपूर्ण मिश्रणात मिसळाव्यात. तिथे त्या खरोखर उपयोगी पडतात.

झारी | १५ जून, सकाळी ७.५०

स्पंजाचा प्रयोग ओट्यापाशी करून पाहिला आणि तो आपण म्हणता तसाच झाला. तरीही भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापर मी ठेवणारच. तुळस आणि अडुळसा यांना कोरफडीपेक्षा जास्त पाणी चालत असल्यामुळे आमच्या दोन पिढ्यांची अब्रू वाचली, असे समजते.

उत्तरायण | १५ जून, सकाळी १०.२५

मातीवर बरीच चर्चा झाली, पण धागाकर्तीने पहिल्याच ओळीत एक महत्त्वाची माहिती दिली आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. बाल्कनी दक्षिणेकडे आहे. दक्षिणेची बाल्कनी म्हणजे भरपूर ऊन, हे आपण गृहीत धरतो आणि हिवाळ्यात ते खरेही असते, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि ऊन पार घरात येते.

ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य भरदुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरीपर्यंत तो आपल्या उत्तरेकडूनच जातो. या काळात तो उगवतो ईशान्येला आणि मावळतो वायव्येला, त्यामुळे आकाश निरभ्र असले, तरी दक्षिणेच्या भिंतीवर दिवसभरात थेट ऊन पडत नाही. त्याच्याही आधी, एप्रिलपासूनच, वरच्या मजल्याचा सज्जा दुपारचे उभे ऊन अडवत असतो. म्हणजे ज्या महिन्यांत हवा सर्वांत दमट, त्याच महिन्यांत ही झाडे सावलीत असतात. ऊन नसले, की झाडाची वाढ आणि पाण्याची गरज दोन्ही घटतात, माती वाळत नाही आणि नवी पाने लांबट, फिकी व लुळी येतात. देवरुखच्या गडग्यावर ढगाळ हवेतही उघड्या आकाशाचा प्रकाश पडतो, हा फरक कातळसडा यांच्या उत्तरात जोडावा.

माझा सल्ला असा, की जूनपासून ऑगस्टपर्यंत कुंड्या पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत हलवाव्यात. तशी खिडकी नसेल, तर इमारतीच्या गच्चीवर पारदर्शक पत्र्याखाली जागा मिळते का, ते पाहावे.

कुंडलिनी | १५ जून, सकाळी १०.४०

गच्चीवर कुंड्या ठेवण्यासाठी सोसायटीच्या सभेत ठराव मंजूर होईपर्यंत कोरफडीची तिसरी पिढी वाढून तयार होईल.

काळीमाती_यवतमाळ | १५ जून, रात्री ८.३०

मी शेतकरी आहे आणि "कोरफडीला पाणी लागत नाही" हे वाक्य वाचले, की मला बोलावेसे वाटते. पाण्यावाचून तग धरणे वेगळे आणि पाण्यावाचून वाढणे वेगळे. व्यापारी लागवडीत साधारण दोन-दोन फुटांवर रोपे लावतात, म्हणजे एकरी दहा हजारांच्या आसपास झाडे बसतात, आणि उन्हाळ्यात त्यांना नियमित पाणी द्यावेच लागते. दिले नाही, तर झाड मरत नाही. पण पाने आखडतात, लालसर तपकिरी होतात आणि गर इतका कमी भरतो, की कापणीची मजुरीही सुटत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा बांधावरची कोरफड तांबूस दिसते आणि दोन चांगले पाऊस झाले, की पुन्हा हिरवी होते. तांबूस रंग म्हणजे रोग समजून त्यावर फवारणी करू नये.

काळ्या मातीत मात्र सपाट वाफ्यावर कोरफड लावू नये. ही माती ओली झाली, की फुगते आणि पाणी धरून बसते. म्हणून आम्ही सरी-वरंबा पद्धत घेतो आणि रोप वरंब्यावर लावतो. शहरातल्या लोकांनीही कुंडीत मध्यभागी मातीचा थोडा उंचवटा करून त्यावर रोप बसवले, तर बुंध्याशी पाणी साचणार नाही.

जाता जाता एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात कोरफडीची मोठी लाट आली होती. रोपे चढ्या दराने विकणाऱ्यांनी सगळा माल परत घेण्याची हमी दिली आणि पाने तयार झाली तेव्हा हमी देणाऱ्यांचे फोन लागेनासे झाले. कोरफडीचे ताजे पान कापल्यावर फार टिकत नाही, त्यामुळे प्रक्रिया करणारा कारखाना जवळ नसेल, तर त्या पिकाला बाजार नसतो. आमच्या बांधावर आज जी झाडे आहेत, ती त्याच हमीची आठवण आहेत आणि ती कुणाच्याही देखभालीवाचून उत्तम आहेत.

गच्चीवरचा_माळी | १५ जून, रात्री ८.५०

यवतमाळकर, मान्य. "पाणी कमी करा" ऐवजी "पावसाळ्यात कमी करा आणि उन्हाळ्यात द्या" अशी दुरुस्ती करतो. मार्च ते मे मी स्वतः आठवड्यातून एकदा, कुंडीच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घालतो आणि पुढच्या खेपेआधी माती दोन पेरे खोल कोरडी झाली आहे, याची खात्री करून घेतो. रोज थोडे थोडे शिंपडणे सर्वांत वाईट.

सांजवात | १६ जून, सकाळी ८.१५

थोडे अवांतर विचारते. कोरफड रात्री प्राणवायू सोडते म्हणून ती झोपण्याच्या खोलीत ठेवावी, असे संदेश सतत येतात. असे असेल, तर पावसाळ्यात कुंड्या खोलीतच घेतल्या, तर दोन्ही कामे होतील का?

मूळव्यासंगी | १६ जून, सकाळी ९.३०

त्या संदेशात अर्धे सत्य आहे. बहुतेक झाडांची पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, दिवसा उघडतात. कोरफडीची मुख्यतः रात्री उघडतात, कारण रात्री हवा थंड असल्यामुळे पाणी कमी उडते. त्या वेळी ती कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवते. दिवसा रंध्रे मिटून, त्या साठ्यातून सूर्यप्रकाशाच्या मदतीने ती अन्न तयार करते. प्राणवायू तयार होतो तो या दिवसाच्या टप्प्यात, कारण पाण्याचे रेणू फोडायला प्रकाश लागतो. त्यामुळे अंधारात कोरफड प्राणवायूचा कारखाना चालवत नाही.

या प्रक्रियेची एक जुनी नोंद भारतातलीच आहे. मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या बेंजामिन हेन या वनस्पतीशास्त्रज्ञाने पानफुटीची पाने वेगवेगळ्या वेळी चाखली. ती सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागतात, असे त्याचे निरीक्षण १८१५ साली प्रसिद्ध झाले. रात्रभरात साठलेले आम्ल सकाळी जिभेला कळते आणि दिवसभरात वापरले जाते. पानफुटी घरोघरी असतेच, पण हा प्रयोग कोरफडीवर करू नये. तिचा चीक अतिशय कडू असतो.

झोपण्याच्या खोलीत उजेड कमी असतो, त्यामुळे तिथे कुंडी ठेवल्याने झाड वाचवण्याचे कामही होणार नाही.

टपोरा_थेंब | १६ जून, सकाळी १०.००

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून मुळासकट उलटी टांगलेली कोरफड आहे. तिला माती नाही आणि पाणी नाही, तरी ती गेली दिवाळी पाहून अजून हिरवी आहे आणि पानांची टोके वळवून वर पाहते. तिला पाहिले, की मला कुंडीतल्या कोरफडींचे लाड अनावश्यक वाटू लागतात.

कातळसडा | १६ जून, सकाळी १०.२०

तिला माती नाही, म्हणूनच तिची मुळे कुजत नाहीत. या धाग्याचे निम्मे उत्तर त्या दुकानाच्या दारावर टांगलेले आहे.

वैद्यकन्या | १६ जून, दुपारी ३.४०

कडू चिकाचा उल्लेख झाला आहे, म्हणून थोडे लिहिते. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा द्रव येतो तो चीक आणि आत जो पारदर्शक भाग असतो तो गर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाच चीक आटवून वाळवला, की काळा बोळ किंवा एळिया तयार होतो आणि तो तीव्र रेचक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली कोरफडीचा चीक असलेली, चिठ्ठीशिवाय मिळणारी रेचके बाजारातून काढायला लावली, कारण ती सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा उत्पादकांनी दिलेला नव्हता. गर्भवती स्त्रियांनी चीक असलेले काहीही पोटात घेऊ नये. गर वापरायचा असेल, तर कापलेले पान टोक वर करून पंधरा मिनिटे वाटीत उभे ठेवावे, पिवळा चीक गळू द्यावा, मग पान धुऊन साल काढावी.

लहान मुलांच्या खोकल्यावर भाजलेल्या कोरफडीचा रस मधातून देण्याची पद्धत घरोघरी आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, एवढे तरी कटाक्षाने पाळावे, आणि कोरफड पोटात देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. घरात कुत्रे किंवा मांजर असेल, तर कुंडी त्यांच्या तोंडाला येणार नाही अशी ठेवावी. त्यांना कोरफड बाधते.

केपटाऊनची_काकू | १६ जून, रात्री ११.०५

कापलेल्या पानांवरून इथली एक पद्धत आठवली. दक्षिण आफ्रिकेत 'ॲलो फेरॉक्स' नावाची उंच, काटेरी कोरफड रानात वाढते आणि अल्बर्टिनिया गावाच्या परिसरात तिचा चीक काढण्याचा जुना व्यवसाय आहे. जमिनीत उथळ खड्डा करून त्यावर प्लॅस्टिक अंथरतात. मग कापलेली सुमारे दोनशे पाने, कापलेली बाजू आत करून, खड्ड्याभोवती गोलाकार रचतात. काही तासांत चीक खड्ड्यात जमतो आणि तो आटवून काळे, चकचकीत खडे करतात. पूर्वी प्लॅस्टिकच्या जागी बकऱ्याचे कातडे असे. झाडाची सगळी पाने कधीच कापत नाहीत; खालची थोडी घेतात आणि वरची ठेवतात. घरच्या कोरफडीलाही हाच नियम लावावा. पान हवे असेल, तर सर्वांत बाहेरचे आणि बुंध्याशी धरून पूर्ण काढावे, मधूनच अर्धे कापू नये.

इथे सध्या थंडी आहे आणि कोरफडी फुलण्याचा हाच काळ असतो. फेरॉक्सचे शेंदरी तुरे आणि त्यावर येणारे सूर्यपक्षी पाहण्यासाठी लोक मुद्दाम गाडी काढतात. भारतात परत येताना रोपे बॅगेत घालून आणण्याचा मोह होतो, तो आवरावा. आपली नेहमीची कोरफड सोडली, तर 'ॲलो' प्रजातीतल्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'सायटीस' कराराखाली नियंत्रित आहे, आणि कोणतेही रोप भारतात आणायचे झाले, तरी विलगीकरणाची कागदपत्रे लागतात.

सांजवात | १७ जून, सकाळी ८.००

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी निळसर, मोठ्या पानांची कोरफड होती. तिला मधोमध दोन माणसे उंच तुरा आला आणि त्यानंतर झाड मेले. फुले आल्यावर कोरफड मरते का?

काळीमाती_यवतमाळ | १७ जून, सकाळी ८.४५

ती कोरफड नव्हती, घायपात होता. घायपात मूळचा अमेरिका खंडातला आहे आणि तो आयुष्यात एकदाच फुलून मरतो. कोरफड दर वर्षी फुलू शकते आणि फुलल्यावरही जगते. ओळखायची सोपी खूण म्हणजे पान मोडून पाहावे. कोरफडीचे काडकन मोडते आणि गर दिसतो, घायपाताचे धाग्यांमुळे मोडतच नाही. दोर वळायला घेतात तो घायपात. त्याचा रस अंगावर घेऊ नये, खाज सुटते.

ओलीसावली | २१ जून, दुपारी १२.१५

सर्वांचे आभार. काल सुट्टी होती, म्हणून सगळ्या कुंड्या वर्तमानपत्रावर उपड्या केल्या. मूळव्यासंगी यांनी सांगितले तसेच निघाले. वरची माती कोरडी होती, पण बोटभर खाली गेल्यावर कोकोपीट पिळले, तर पाणी निघेल इतके ओले होते, आणि विटांच्या लगेच वरचा थर काळा पडला होता. दोन झाडांची मुळे पिवळी व कडक आहेत. एकाची अर्धी मुळे गेली आहेत आणि चौथ्याला मूळच उरलेले नाही. बुंधा तळाशी तपकिरी व ओलसर आहे, पण वरची पाने अजून टणक आहेत. या चौथ्याचे काय करावे? एक मोठे पान मातीत खोचून त्यापासून नवे झाड करता येईल का? शिवाय पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पदार्थ दिसतो, ती बुरशी आहे का?

मूळव्यासंगी | २१ जून, दुपारी १.००

पान खोचू नये. कोरफडीच्या नुसत्या पानातून नवे झाड सहसा येत नाही. ते आठवडाभर फसवते आणि मग सडते. बुंध्याचा भाग असलेला शेंडा मात्र रुजतो. खालची काही पाने काढून बुंधा मोकळा करावा आणि धारदार, स्वच्छ सुरीने तळापासून चकत्या कापत वर जावे. कापलेल्या भागावर तपकिरी ठिपका किंवा कडे दिसते तोवर थांबू नये, आणि प्रत्येक कापाआधी सुरी पुसावी. स्वच्छ, पांढरट गाभा लागला, की तो शेंडा सावलीत, वाऱ्यावर, आठवडाभर उघडा ठेवावा. जखमेवर कोरडी खपली धरल्याशिवाय तो मातीला लावू नये. पावसाळ्यात खपली धरायला वेळ लागतो, तेव्हा पंख्याखाली ठेवला तरी चालेल.

पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ते पुसून काढावेत आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहावे, कारण अंडी बेचक्यात राहतात. काढलेल्या मुळांतही ते असू शकतात.

झारी | २१ जून, दुपारी १.२०

कापलेल्या भागावर हळद लावावी. आमच्याकडे कलम करताना लावतात.

गच्चीवरचा_माळी | २१ जून, दुपारी २.१०

हळद लावली तर बिघडत नाही, पण कोरडी लावावी. पाण्यात कालवून लेप दिला, तर खपली धरायची ती धरणार नाही. मी लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक घालून त्यात अर्धी मुळे राहिलेले झाड बुडवून काढतो आणि मग वाळवतो. मिश्रणासाठी चाळलेला मुरूम किंवा विटांचे बारीक तुकडे दोन भाग, साधी माती एक भाग आणि जुने शेणखत अर्धा भाग पुरते. कोकोपीट पूर्ण वगळावे. समुद्राची वाळू वापरू नये, तिच्यात मीठ असते, आणि गिलाव्याची बारीक वाळूही नको, ती माती घट्ट करते. कुंडी मातीची, मुळांच्या गोळ्यापेक्षा थोडीच मोठी असावी. ताटल्या फेकून द्याव्यात किंवा चिमण्यांना पाणी ठेवायला वापराव्यात.

उत्तरायण | २१ जून, दुपारी २.३०

आणि खिडकीचे काय ठरले?

ओलीसावली | २१ जून, दुपारी ३.०५

स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. तिच्या ग्रिलमध्ये सध्या रिकामे डबे आणि यजमानांचा जुना ट्रेडमिलचा पट्टा आहे. वाटाघाटी सुरू आहेत.

ओलीसावली | १९ जुलै, सकाळी १०.४०

धागा वर आणत आहे. पट्टा गेला आणि कुंड्या पश्चिमेच्या खिडकीत आल्या. मुरूम ठाण्यात विकत मिळणे कठीण गेले, तेव्हा एका बांधकामावरून फुटक्या विटा आणून त्या फोडल्या आणि चाळल्या. चांगल्या मुळांची दोन्ही झाडे ताठ आहेत आणि मधली नवी पाने जाड येत आहेत. अर्ध्या मुळांच्या झाडाची बाहेरची पाने सुकली, पण मधला गाभा टणक आहे. शेंडा कापून वाळवलेल्या झाडाला खपली धरायला जवळजवळ दोन आठवडे लागले. ते आता कोरड्या मिश्रणात उभे आहे आणि हलक्या हाताने ओढले, तर किंचित अडते. त्याला पाणी केव्हा द्यावे?

मूळव्यासंगी | १९ जुलै, सकाळी ११.१५

अडते म्हणजे मुळे फुटू लागली आहेत. आता ऊन पडलेला दिवस पाहून, सकाळी, कुंडीच्या कडेने एक पेलाभर पाणी घालावे आणि पुढचे पाणी मिश्रण तळापर्यंत कोरडे झाल्यावरच द्यावे. बांबूची बारीक काडी भोकापर्यंत खोचून बाहेर काढली, की ओल कळते. मधल्या पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये.

कुंडलिनी | १९ जुलै, सकाळी ११.३०

पिल्ले निघाल्यावर मला एक हवे आहे. मी मुलुंडला राहते आणि माझी खिडकी पूर्वेला आहे.

ओलीसावली | १९ जुलै, दुपारी १२.००

चांगल्या मुळांच्या एका झाडाशेजारी दोन पिल्ले आहेतच, पण ती अजून करंगळीएवढी आहेत. वीतभर वाढून त्यांना स्वतःची मुळे आली, की दसऱ्याच्या सुमारास वेगळी करीन, तेव्हा एक आपले. कुंडी मातीची आणावी.